मार्क कच्च्या फुटेजला द्या

व्हिडिओ प्रोजेक्टला मार्क नेमके कशाचे द्यायचे? चार पोरांनी मिळून एक छोटी फिल्म केली, पेन ड्राइव्हवर टाकून सरांना दिली, सरांनी वर्गात प्रोजेक्टरवर लावली. आता दहापैकी सात का आणि नऊ का? प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटला निदान आउटपुट बरोबर आलं की नाही एवढं तरी बघता येतं. इथे काय बघायचं?

खरं तर या विषयाशी माझा थेट संबंध नाही. मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण धाकटी बहीण नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात (नाव राहू दे) मास मीडिया शिकतेय, आणि घरात एक इंजिनिअर असला की तो आपोआप सगळ्यांचा टेक सपोर्ट होतो हे तुम्हाला सांगायला नकोच. प्रिंटर चालत नाही, दादाला विचार. एक्स्पोर्ट ९८ टक्क्यांवर अडकलंय, दादाला विचार. त्यामुळे गेल्या वर्षभरात तिचे चार-पाच प्रोजेक्ट मी अगदी जवळून बघितले. स्टॉप मोशन झालं, डिजिटल कोलाज झालं, सार्वजनिक हिताची जाहिरात झाली, एक मिनिटाची मूकफिल्म झाली. हे सगळं बघून माझं एक ठाम मत झालंय. फक्त फायनल फिल्म बघून मार्क देणं बंद करा. निम्मे मार्क तरी कच्च्या फुटेजला द्या.

आता हे मत कुठून आलं ते सांगतो.

मूकफिल्मचा विषय होता 'वाट पाहणं'. एक मिनिट, संवाद नाहीत. निम्म्या वर्गाने अर्थातच रेल्वे स्टेशन निवडलं. आमच्या नवी मुंबईत स्टेशनं आहेतही भव्य. पण ट्रायपॉड उघडला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी गणवेशातलं येऊन "परमिशन आहे का?" विचारतं. हिच्या ग्रुपने मग दिवाळे कोळीवाडा गाठला. सीबीडी बेलापूरच्या ऑफिसांपासून रिक्षाने दहा मिनिटांवर खाडी, होड्या आणि मासळी बाजार आहे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कल्पना साधी होती: पाण्याची वाट बघणारी होडी.

पहिल्या शनिवारी सकाळी सातला गेले. पाणी होतं, होडी मस्त डुलत होती. अर्धं शूट झालं आणि फोनची मेमरी भरली. ठीक आहे, उरलेले शॉट पुढच्या शनिवारी याच वेळी, म्हणजे प्रकाशही जुळेल. पुढच्या शनिवारी सातला जाऊन बघतात तर पाणी गायब! होडी चिखलात रुतून तिरकी पडलेली. ग्रुपमध्ये भांडण सुरू. तिथे जाळं निवडत बसलेल्या एक मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, "पोरींनो, तिथी बघून यायचं ना!"

आता यातलं गणित बघा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. आणि भरती-ओहोटीत अंतर असतं तेही सहा तासांच्या आसपास. त्यामुळे या शनिवारी सातला भरती असेल तर पुढच्या शनिवारी सातला ओहोटी असणारच. मुंबईच्या किनाऱ्यावर यासाठी एक तोंडी हिशोब चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. नवमी असेल तर नऊ गुणिले पाऊण, पावणेसात. अष्टमी असेल तर बरोब्बर सहा. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. मी आयुष्यभर खाडीच्या कडेला राहतोय, रोज खाडीवरून ट्रेनने जातो, आणि हे मला बहिणीच्या प्रोजेक्टमुळे कळलं!

पण खरी गंमत पुढे आहे. भांडण संपल्यावर त्यातल्या एकीच्या लक्षात आलं की हे आपल्या पथ्यावरच पडलंय. जागा तीच, वेळ तीच, ऊन त्याच बाजूने, फक्त पाणी नाही. कॅमेरा त्याच ठिकाणी ठेवला आणि दोन शॉट एकापुढे एक जोडले तर नुसती पातळी उतरलेली दिसेल. मग त्यांनी ट्रायपॉडच्या तीन पायांखाली खडूने खुणा केल्या, जुना शॉट फोनवर उघडून फ्रेम जुळवली आणि चिखलातली होडी घेतली. (त्या दिवशी द्वितीया होती, उधाणाचे दिवस. त्यामुळे पाणी खूपच लांब गेलेलं.) मग आणखी एका शनिवारी जाऊन तरंगणारी होडी परत घेतली. डुलणारी होडी, रुतलेली होडी, परत डुलणारी होडी. मध्ये जाळं निवडणारे हात. संपली फिल्म.

मार्क किती? दहापैकी सहा. शेरा: 'शॉट्स रिपीट होतात. म्युझिक हवं होतं.'

दुसऱ्या एका ग्रुपने एआय वापरून 'पहाटेचं मच्छीमार गाव' तयार केलं होतं. ड्रोन शॉट, सोनेरी ऊन, मागे व्हायोलिन. होडी केरळातली वाटत होती आणि कोळणीची साडी टीव्ही मालिकेतल्यासारखी. त्यांना नऊ.

यात सरांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. त्यांच्यासमोर दोन फाइल होत्या. दोन्ही एकदाच बघायच्या, लगेच आकडा लिहायचा. नुसत्या फाइल बघितल्या तर दुसरी जास्त चकचकीत होतीच. तीन शनिवार, तिथीचं गणित, खडूच्या खुणा यातलं काहीही त्या फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. फाइल ते सांगू शकतच नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.

त्या संध्याकाळी बहिणीने मला विचारलं, "दादा, पुढच्या वेळी मीपण प्रॉम्प्टच लिहू का? तीन शनिवार वाचतील." ती चिडून विचारत असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ती अगदी शांतपणे, व्यवहार म्हणून विचारत होती. आणि व्यवहार बघितला तर तिचं बरोबरच होतं. कमी कष्टाला नऊ आणि जास्त कष्टाला सहा मिळत असतील तर शहाणं माणूस काय करेल? हे असं दोन वर्षं चाललं की त्या वर्गातून खुणा करणारं कोणी उरणार नाही.

आता मी एआयच्या विरोधात आहे असं समजू नका. २०२४च्या फेब्रुवारीत ओपनएआयने सोराचे पहिले नमुने दाखवले तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये दुपारचं जेवण लांबलं होतं, सगळे फोनवर तेच बघत होते. कोड लिहायलाही मी रोज एआय वापरतो, आणि जो इंजिनिअर 'मी वापरत नाही' म्हणतो त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण आमच्याकडे एक रीत आहे. कोड कुणीही लिहू दे, तुम्ही, एआयने, नाहीतर शेजारच्या काकांनी, रिव्ह्यू झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. रिव्ह्यू करणारा विचारतो, हे असं का केलं? आधीची पद्धत का सोडली? आणि काय काय बदलत गेलं त्याचा इतिहास तारखेवार समोर असतो. उत्तर देता आलं नाही तर कोड चालत असला तरी परत जातो. नुसतं 'चालतंय ना?' यावर सोडून दिलेल्या कोडचं पुढे काय होतं हे रात्री दोनला फोन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे :)

मग जे आम्ही पगारी माणसांना विचारतो ते विद्यार्थ्यांना का विचारू नये?

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडचा व्हिडिओ प्रोजेक्टचा बहुतेक पहिला नमुना दादासाहेब फाळक्यांचा आहे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढताना टिपलं. हेतू काय, तर पैसे लावणाऱ्या लोकांना या यंत्राने काय करता येतं हे दाखवायचं. म्हणजे आजच्या भाषेत डेमो. तोवर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग एवढं सगळं करून झालेला माणूस, पण सिनेमाच्या बाबतीत विद्यार्थीच.

या फिल्मबद्दल नेहमी असं सांगितलं जातं की फाळक्यांनी महिनाभराहून जास्त दिवस रोज एक फ्रेम घेतली आणि त्यातून मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म झाली. आता इंजिनिअरची खोड म्हणा, पण मी हिशोब करून बघितला. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. मिनिटाला ९६०. रोज एक फ्रेम, दीड महिना धरला तरी ४५ फ्रेम, म्हणजे पडद्यावर तीन सेकंदसुद्धा नाहीत! मिनिटभराची फिल्म हवी तर ४५ दिवस रोज २१-२२ फ्रेम लागतात. म्हणजे दिवसरात्र जवळपास तासाला एक. एकच फ्रेम पुन्हा पुन्हा छापून ताणली तर रोप वाढताना दिसायच्या ऐवजी उड्या मारताना दिसेल. म्हणजे एक तर फिल्म तेवढी लांब नव्हती, नाहीतर माणूस दिवसातून कितीतरी वेळा त्या कुंडीपाशी जात होता. मला दुसरं जास्त पटतं. आणि 'रोज एक फ्रेम'पेक्षा हे चित्र मला जास्त आवडतं. कॅमेरा हलू द्यायचा नाही, कुंडी कुणाला सरकवू द्यायची नाही, प्रकाश सारखा राखायचा, घरातली कामं सोडून परत परत जायचं. फाळक्यांना दिलेलं कर्ज हे त्या मिनिटाला होतं की त्या चिकाटीला? मी सावकार असतो तर चिकाटीला दिलं असतं.

आणि हे सगळं 'थोर लोकांच्या काळात' होतं असं म्हणून सोडून देऊ नका, कारण अगदी कॉलेजच्या प्रोजेक्टचंच उदाहरण आहे. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म. ते तेव्हा अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजचं एमए करत होते आणि ही त्या अभ्यासक्रमातलीच फिल्म. शाळेत जायची ओढ असलेला आणि चोरी करावी लागणारा पारधी मुलगा, एवढीच गोष्ट. तिला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर फिल्मचा पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री'त दिसला आणि २०१६च्या 'सैराट'मध्ये प्रिन्स म्हणून सगळ्या महाराष्ट्राने शिव्या घातल्या तोही तोच. पुणे नाही, मुंबई नाही, जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज आणि क्लास प्रोजेक्ट. पण माणसं आपल्या ओळखीच्या जगातली निवडलेली. ती निवड हाच प्रोजेक्टचा खरा अभ्यास.

'नवी मुंबईत शूट करण्यासारखं आहे काय?' असं पोरं म्हणतात आणि ट्रेन पकडून मरीन ड्राइव्हला जातात. सिडको १९७० साली स्थापन झाली. म्हणजे हे शहर आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतंय. कोळीवाडे, आगरी गावठाणं आणि टॉवर एकाच फ्रेममध्ये येतात. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, गावं हलवली, आणि २०२५च्या डिसेंबरात तिथून विमानं उडायला लागली. एवढं सगळं डोळ्यांदेखत बदलतंय आणि त्याचं नीट केलेलं चित्रण किती आहे? इथल्या कॉलेजांमधली पोरं दर सेमिस्टरला कॅमेरे घेऊन बाहेर पडतात. त्यांनी नुसतं आपल्या स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आतलं शूट करून कच्चं फुटेज कॉलेजात जमा केलं तरी वीस वर्षांनी तो खजिना होईल. प्रॉम्प्टमधून निघालेलं गाव मात्र कुठलंच नसतं. ते आज आणि वीस वर्षांनी सारखंच निरुपयोगी.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मला घरीच ऐकायला मिळाले.

पहिला आक्षेप: शिक्षकांना वेळ कुठे आहे? बरोबर, फार असतं त्यांच्यामागे. पण हिशोब करू. साठ मुलांचा वर्ग, चारचा ग्रुप, पंधरा ग्रुप. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर १५० मिनिटं, अडीच तास. म्हणजे एक प्रॅक्टिकल आणि वर थोडं. त्या दहा मिनिटांत सगळं फुटेज बघायचंच नाही. मध्येच एखादी क्लिप उघडायची आणि विचारायचं, 'ही का नाही घेतली?' सोबत एक पान मागायचं: काय काढून टाकलं आणि का. आर्किटेक्चर आणि डिझाइनच्या कॉलेजांत ज्युरी नावाचा प्रकार असतोच, तिथे कच्च्या स्केचवरून विद्यार्थ्याला घाम फुटतो. तेच इथे आणायचं.

दुसरा आक्षेप: मग एआय वापरायचंच नाही का? वापरा की. पण त्याचाही कच्चा माल दाखवा. किती वेळा करून बघितलं, कुठला निकाल फेकला, आणि होडी केरळची आलीय हे कुणाच्या लक्षात आलं की नाही? आलं असेल आणि त्यांनी ते सुधारलं असेल तर जरूर नऊ द्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे: पैसा. ग्रुपमध्ये ज्याच्याकडे भारी लॅपटॉप तो एडिटर होतो, एडिटर झाला की तोच दिग्दर्शक होतो, बाकीचे तिघं चहा आणतात. नावं मात्र चारही लागतात. इथे माझ्यासारख्या टेक सपोर्टने थोडी माहिती दिली तर फरक पडतो. फोनवर फोर-केमध्ये शूट करायची काहीच गरज नाही. फोर-केच्या एका फ्रेमचा मूळ डेटा जवळपास २५ एमबी भरतो, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ७५० एमबी. फोन तो दाबून दाबून अगदी छोटा करतो. मधूनमधून एक पूर्ण चित्र आणि बाकी नुसते बदल साठवतो. एडिट करताना साध्या लॅपटॉपला ते सगळं परत उलगडावं लागतं, म्हणून तो धापा टाकतो. फुल एचडीत पिक्सेल बरोबर चौथाई असतात, आणि वर्गातल्या प्रोजेक्टरला त्याहून जास्त दाखवताही येत नाही. तरी अडकलं तर एडिटिंगपुरत्या हलक्या प्रॉक्सी फाइल बनवा, शेवटी मूळ फाइल जोडा. केडेनलाइव्ह, शॉटकट, ब्लेंडर ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. 'फ्लो' ही लॅटव्हियाची ॲनिमेशन फिल्म ब्लेंडरमध्ये केली होती आणि २०२५ साली तिला ऑस्कर मिळालं. त्यामुळे 'सॉफ्टवेअर नव्हतं' हे कारण आता बाद.

आणि कच्च्या फुटेजला मार्क असतील तर चहा आणणाऱ्यांचाही फायदाच आहे. ज्युरीत प्रश्न चौघांना विचारता येतात. खुणा कुणी केल्या, मावशींशी कोण बोललं, होडी दुसऱ्यांदा कधी सापडली, हे ज्याने केलंय तोच सांगू शकतो. लॅपटॉपचा मालक नव्हे.

जुन्या काळी हे सगळं आपोआप व्हायचं, कारण फिल्म महाग होती. पस्तीस एमएमचा हजार फुटांचा रोल म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. बटण दाबण्याआधी विचार करावाच लागायचा. आता विचार न करताही शूट होतं आणि शूट न करताही फिल्म होते. त्यामुळे विचार केला की नाही हे वेगळं विचारावं लागेल, एवढंच.

बहिणीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, मार्कांसाठी करत असशील तर प्रॉम्प्ट लिही, मी अडवणार नाही. पण पुढच्या सबमिशनला फाइलसोबत एक पान जोडून बघ. तारीख, तिथी, वेळ, काय मिळालं, काय फेकलं. सरांनी मागितलं नसलं तरी जोड. वाचलं तर उत्तम, नाही वाचलं तर इंटर्नशिपच्या मुलाखतीत उपयोगी पडेल. मी स्वतः मुलाखती घेतो, तयार प्रोजेक्ट दाखवणारे रोज भेटतात. 'इथे आमचं असं फसलं, मग आम्ही असं केलं' सांगणारा भेटला की मी खुर्चीत सरसावून बसतो.

तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल, किंवा कुणाचे आई-बाबा, काका-मावशी शिकवत असतील, तर त्यांना एवढंच सुचवा. पुढच्या वेळी फिल्म लावायच्या आधी एक प्रश्न विचारा: यात न घेतलेलं काय आहे, दाखव बघू.